पऱ्यातल्या (डोंगरओढ्यातल्या) बेडकाचा आवाज रेकॉर्ड होत नाही, मदत हवी

पऱ्याकाठ: दोन रात्री झाल्या, मोबाइलवर नुसता पाण्याचा खळखळाट येतो. रेकॉर्डिंग ओळखीसाठी पाठवायचंय. कुठलं ॲप घेऊ? लवकर सांगा.

कातळसडा: ॲपचं नंतर. जागा कुठली? बेडूक दिसला का? किती लांबून घेतलंत? फाइल कशी पाठवली?

पऱ्याकाठ: कुंभार्ली घाटाखाली, चिपळूणच्या अंगाला. दोन पेरांएवढा, सुरकुतलेला, पाण्यावर झुकलेल्या पानावर बसतो. काठावरून, चारेक मीटरवरून. फाइल व्हॉट्सॲपने.

शेवाळ: मग ॲप बदलून उपयोग नाही. अंतर निम्मं केलं की बेडकाचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, पाणी तेवढंच राहतं. फोन काठीला बांधा, माइक बेडकाकडे, अर्ध्या मीटरवर. फाइल वेव्ह प्रकारची, म्हणजे न दाबलेली, सॅम्पल रेट 44.1 किलोहर्ट्झ. ऑटो गेन (फोनने आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणं) बंदच हवा, नाहीतर बेडूक गप्प झाला की फोन पाणीच फुगवतो. व्हॉट्सॲपने पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर दाबली जाते.

बांध३२: एवढा खटाटोप कशाला? ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नॉइज रिडक्शन मारा, पाणी जातं.

शेवाळ: पाण्याबरोबर हाकेचे बारीक तपशीलही जातात, आणि ओळख त्यांवरच असते. मूळ फाइल तशीच ठेवा. ऐकण्यापुरतं 500 हर्ट्झखालचं कापायचं तर वेगळ्या प्रतीत.

कातळसडा: वर्णनावरून रातबेडूक वाटतो, शास्त्रीय नाव निक्टिबॅट्राकस. डोळ्याची बाहुली बघा: पत्त्यातल्या चौकटसारखी असेल तर तोच. आडवी असेल तर इंडिराना हा दुसरा बेडूक असू शकतो, त्याचे बेडूकमासे ओल्या कातळावर चिकटून राहतात. टॉर्च थेट डोळ्यांवर नको, लाल कागद लावा.

देवराई: पानावर जेलीचे थेंब दिसले तर फांदी हलवू नका, ती अंडी आहेत. बेडूकमासे फुटून खाली पाण्यात पडतात, पान सरकलं तर कोरड्या दगडावर. मुंबई रातबेडकात नर मादीच्या पाठीवर शुक्रद्रव सोडून बाजूला होतो, मग ती अंडी घालते. ही पद्धत 2016 साली प्रसिद्ध झाली. आणि पऱ्या बदलताना बूट घासून, वाळवून घ्या, बुरशीजन्य रोग पसरतो.

बांध३२: त्याच पऱ्यावर बंधारा घातला तर चालेल का?

देवराई: त्यासाठी वेगळा धागा काढा.

पऱ्याकाठ: बाहुली चौकटच! तापमान हवेचं लिहू की पाण्याचं?

शेवाळ: दोन्ही. गारव्यात हाकांमधलं अंतर वाढतं. किमान तीन मिनिटं घ्या, शेवटी तारीख, वेळ, तापमान तोंडानेच बोलून ठेवा.