एनजीसी 772 भोवतीचे ठिपके खरंच तिचे सोबती आहेत का?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी, सध्या मेषेतल्या एनजीसी 772 या सर्पिल दीर्घिकेच्या मागे लागलोय, अश्विनीतल्या गॅमा ताऱ्यापासून दीडेक अंशावर आहे ती. 80 एमएम रिफ्रॅक्टर, 480 फोकल लेन्थ, कूल्ड कलर कॅमेरा, 180 सेकंदांच्या सब्स (एकेक सुटी फ्रेम), भंडारदऱ्याजवळून साधारण पाच तासांचा डेटा. एका बाजूचा तो दांडगा सर्पिल हात मस्त आलाय, शेजारची छोटी दीर्घिका एनजीसी 770 पण दिसतेय. पण स्ट्रेच केल्यावर (पुसट भाग उजळवल्यावर) आजूबाजूला भरपूर पुसट ठिपके आलेत, त्यातले सोबती कुठले आणि मागचे कुठले हे कसं ओळखायचं? आणि हाताच्या बाहेर धुरकट पसारा दिसतोय तो खरा का ग्रेडियंट (पार्श्वभूमीच्या उजेडाचा असमान चढउतार)?

उत्तररात्र
नुसत्या फोटोवरून नाहीच कळणार, रेडशिफ्ट (दीर्घिका लांब जात असल्याने तिचा प्रकाश किती लालकडे सरकलाय ते) बघायला लागेल. प्लेट सॉल्व्ह केलेली (आकाशातली नेमकी जागा जुळवलेली) इमेज अ‍ॅलाडिन या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, सिम्बाड या खगोलीय डेटाबेसचा कॅटलॉग वर टाका आणि एकेका ठिपक्यावर क्लिक करत जा. 772 आपल्यापासून सेकंदाला 2470 किमीच्या आसपास वेगाने लांब जातेय, 770 साधारण 2540 ने, म्हणजे दोघी शेजारणीच, अकरा-बारा कोटी प्रकाशवर्षांवर. शंभर-दोनशेचा फरक चालतो, कारण त्या एकमेकींभोवती पण हलत असतात. पण ज्याचा वेग दहा-वीस हजार निघेल तो लांब मागचा, कितीही चिकटलेला दिसू दे. आणि ज्याचा रेडशिफ्ट नोंदलेलाच नाही त्याच्यावर कृपा करून सोबती असं लेबल लावू नका, पुढचे लोक तेच कॉपी करत बसतात.

770 ला क्रॉपमध्ये कापू नका हो! खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्पने 1966 च्या विचित्र दीर्घिकांच्या अ‍ॅटलासमध्ये ही जोडी 78 नंबरला घेतली ती काही उगीच नाही, आणि 2005 मध्ये तर 770 चा गाभा बाकीच्या दीर्घिकेच्या उलट्या दिशेने फिरतो असं दिसून आलं. एवढीशी दीर्घिका, पण तिच्यातही केवढं काय घडून गेलंय.

सह्याद्री_स्काय
पसाऱ्याचं सांगतो. बॅकग्राउंड काढताना सॅम्पल पॉइंट हातापासून चांगले लांब ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर तो पसाराच आकाश समजून खाऊन टाकतं. फ्लॅट्स (धुळीचे डाग आणि कडेचा काळोख काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) प्रत्येक रात्री नवीन. मग वेगळ्या रात्री कॅमेरा 90 अंश फिरवून परत डेटा घ्या आणि दोन स्टॅक (सब्स एकत्र करून बनवलेल्या इमेज) वेगवेगळे करा, पसारा दोन्हीत ताऱ्यांच्या हिशोबाने त्याच जागी आला तर तो आकाशातलाच, कॅमेऱ्याबरोबर फिरला तर फ्लॅट्सचा घोळ. आकाशातला असला तरी आपल्याच आकाशगंगेतली धूळ असू शकते, ती 772 च्या कडेपाशी न थांबता फ्रेमभर पसरलेली असते. ड्युअल बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) इथे उपयोगाचा नाही, दीर्घिकेचा उजेड सगळ्या रंगांत असतो, अंधारच पाहिजे. आपल्याकडे ती जवळजवळ डोक्यावरून जाते आणि दिवाळीच्या अमावस्येला मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात वर असते, फक्त फटाक्यांच्या धुरापासून लांब जा.

रात्रपाळी
भारी, दोघांचे आभार. कॅमेरा फिरवून पुढच्या अमावस्येला परत घेतो, आणि रेडशिफ्ट तपासून लेबलवाली इमेज इथेच टाकतो.

उत्तररात्र
नक्की टाका, आणि मूळ सब्स डिलीट करू नका. 2003 मध्ये 772 मध्ये एकाच वर्षात दोन सुपरनोव्हा दिसले होते, 2003एचएल आणि 2003आयक्यू. परत तसं काही झालं तर आधीचा फोटो हाताशी लागेल.