मदत हवी आहे: अरबी लिपीतली सिंधी वाचणारं कुणी आहे का?

नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेल्या, दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच्या कुटुंबांतली मुलं शाळेत घालायची आहेत. ६ ते १४ वयोगटाला शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण देतं. वयाचा दाखला नाही म्हणून कलम १४ प्रमाणे प्रवेश नाकारता येत नाही. खरी गोम लिपीची: मुलं अरबी लिपीतली सिंधी शिकलेली, इथे शाळेत देवनागरी. बेरीज-वजाबाकी चोख, पण वही उजवीकडून उघडतात आणि ‘का’चा काना डावीकडे काढतात. दोन्ही लिप्या येणारे सिंधी आजी-आजोबा संध्याकाळी तासभर देतील का?

दुसरं, आधारची मुदत व्हिसाबरोबरच संपते. मग केवायसीत (ओळख पडताळणीत) बँकेचं खातं अडकतं आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांची मजुरीही. व्हिसा वाढल्यावर नागपुरात आधार अपडेट नेमकं कुठे होतं? ‘केंद्रात विचारा’ नको, पत्ता सांगा.