गळ्यावरचे वळ कुणाला कळवायचे?

प्रश्न: मी अपघात विभागात नर्स आहे. परवा एकीच्या गळ्यावर बोटांचे वळ, आवाज बसलेला. "जिन्यावरून पडले," म्हणाली. आमच्या कागदावर तेवढंच. नंतर कळलं, पोलिसांकडे तिच्या दोन तक्रारी आधीच होत्या! असं तुकड्यातुकड्यांत राहिलं तर धोका दिसणार कुणाला?

उत्तर: ताई, गळा दाबणं ही पुढच्या खुनाची मोठी खूण मानतात. वळ, आवाज, सगळं नोंदवा.

उत्तर: ब्रिटनमधल्या कार्डिफला २००३ मध्ये 'मॅरॅक' बैठका सुरू झाल्या. पोलीस, आरोग्य, मुलांचं काम बघणारे एकत्र बसतात, जास्त धोक्यातल्या एकेका बाईबद्दल बोलतात, कोण काय करणार ते तिथेच ठरतं.

उत्तर: पण जपून. आमच्याकडून एकदा पत्राच्या प्रतीवर बाईचा नवा पत्ता तसाच नवऱ्याला गेला होता. माहिती द्या, मोजकीच. कुणाला दिली तेही लिहा.

प्रश्नकर्ती: नवरा बाहेर असताना विचारायला हवं होतं मी. उद्या तपासणीला येतेय ती.