‘गर्लफ्रेंड’ला मराठीत हाक कशी मारायची?

रेवा_न:
मंडळी, एका ठिकाणी अडलेय. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘गर्लफ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेवर लेख लिहितेय. 2000 ते 2008 चालली, 172 भाग, आधी यूपीएन या वाहिनीवर मग सीडब्ल्यूवर, मारा ब्रॉक अकिल या बाईंनी निर्माण केलेली. लॉस एंजेलिसमधल्या चौघी ब्लॅक मैत्रिणी: जोन वकील, माया तिच्याच ऑफिसात तिची असिस्टंट, टोनी घरं विकणारी एजंट आणि लिन डिग्र्यांवर डिग्र्या घेऊन कुठेच न टिकणारी. प्रेम, लग्न, नोकरी, पैसा, भांडणं, सगळं आहे, आणि मला ती मनापासून आवडते.
तर शीर्षक वाचून संपादकांनी विचारलं की हे प्रेमप्रकरणांवर आहे का. म्हणजे मराठीत गर्लफ्रेंड म्हटलं की प्रेयसीच. आणि तिथे तर बायका एकमेकींना ‘गर्लफ्रेंड’ किंवा नुसतं ‘गर्ल’ अशी हाक मारतात, लांबवून म्हटलं तर ‘सांग सांग सगळं’, तोडून म्हटलं तर ‘पुरे आता’. ‘मैत्रिणी’ लिहिलं तर अर्थ येतो पण हाक जाते. आपण कुणी ‘ए मैत्रिणी’ अशी हाक मारतो का? काय करू?

सायली१७:
का नाही मारत? आमच्या कॉलेजात सर्रास ‘ए मैत्रिणी, चल ना’ म्हणायचो. अजून म्हणतो.

जुना पेठकर:
रेवाताई, ‘सखी’ आहे की. इतका गोड शब्द असताना कशाला शोधताय. ‘सखे’ ही हाकसुद्धा आहे.

सिंधुदुर्ग:
‘सखे’ पुस्तकात. रस्त्यावर कोण सखे म्हणतं काका? आमच्याकडे ‘गो’. ‘गो बाय, खंय चल्लंस?’ एका ‘गो’मध्ये माया, राग, चौकशी सगळं बसतं. गर्ल म्हणजे गो, माझं तरी उत्तर हेच.

वऱ्हाडी मुलगी:
आमच्याकडे ‘वं’. ‘काय वं’, ‘माय वं’. आणि रेवा, तू जे लांबवण्या-तोडण्याचं लिहिलंस ना ते ‘अगं’मध्ये अगदी तसंच आहे बघ. ‘अगंऽऽ’ म्हणजे बातमी आहे, ‘अगं!’ म्हणजे आवर. नवा शब्द कशाला, संवादात अगं, बाई, बये फिरवत राहा आणि मालिकेचं नाव आहे तसंच ठेव, नावाचं कोणी भाषांतर करतं का.

शब्दवेडा:
‘सखी’चं प्राकृतात ‘सही’ झालं आणि त्यातून आपली ‘सई’. जात्यावरच्या ओव्यांत सई, सया येतात, म्हणजे जुना पेठकर यांचा शब्द पुस्तकी नाही, बायकांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेला आहे. शिवाय ‘गडणी’ पण आहे. मला वाटतं गडणी हा गडावरच्या स्त्रियांपासून आला असावा.

वऱ्हाडी मुलगी:
गडावरच्या कशा? ‘गडी’ म्हणजे सोबती, खेळगडी, त्याचं स्त्रीलिंग. गडाचा काय संबंध, पुरावा द्या.

शब्दवेडा:
पुरावा शोधतो. पण शक्यता नाकारता येत नाही.

रेवा_न:
अगं/बाईचा विचार पटतोय, धन्यवाद. पण आता दुसरंच झालं. संपादकांनी सगळ्या लेखात ‘ब्लॅक’ काढून ‘कृष्णवर्णीय’ टाकलंय, मराठी अंकात इंग्रजी शब्द नको म्हणून. ‘चौघी कृष्णवर्णीय मैत्रिणी’. वाचून कसंतरीच झालं, पण नेमकं कुठे खटकतंय ते मांडता येत नाहीये.

जुना पेठकर:
यात खटकण्यासारखं काय आहे? सभ्य, रुळलेला शब्द आहे. सगळी वर्तमानपत्रं वापरतात. आणि संपादकांचं बरोबर आहे, आपला शब्द असताना उसना का घ्यायचा. उद्या म्हणाल व्हाइट लिहू.

पाटीपेन्सिल:
इथेच तर गोम आहे काका. वर्तमानपत्रात काय असतं ते नीट बघा: ‘गोरा पोलीस’ आणि ‘कृष्णवर्णीय नागरिक’. गोऱ्याला साधं घरचं मराठी आणि दुसऱ्याला संस्कृतचा अंगरखा. का? कारण आपल्या मनात ‘काळा’ ही शिवी आहे, म्हणून ती झाकायला कृष्णवर्णीय. तो शब्द त्यांचा मान राखत नाही, आपली लाज झाकतो. ज्या समाजाने ‘ब्लॅक’ हा शब्द 60 च्या दशकात ताठ मानेने स्वतःसाठी घेतला त्याला आपण परत पडद्याआड बसवतो. मी तर सरळ ‘काळ्या मैत्रिणी’ लिहीन.

सायली१७:
नाही हां, ‘काळ्या मैत्रिणी’ मी नाही लिहू शकणार. माझ्या मावशीला आयुष्यभर ‘काळी’ म्हणून ऐकवलंय लोकांनी, लग्नाच्या वेळी तर विचारू नका, जाहिरातीत ‘सावळी’ लिहायचं की ‘गव्हाळ’ यावर घरात दोन दिवस खल. तुम्ही म्हणता ताठ मानेने घेतला, पण तो त्यांनी घेतलाय, इंग्रजीत. मराठीत ‘काळी’ कोणी घेतलाय अजून? वाचणाऱ्या बाईला तो जुनाच लागणार.

सिंधुदुर्ग:
मग ‘सावळ्या’ लिहा. विठोबा सावळाच की.

पाटीपेन्सिल:
सावळ्या म्हणजे परत रंग पातळ करणं झालं. काळी आई म्हणतो आपण जमिनीला, तेव्हा नाही लाज वाटत.

न्यूजर्सीकर:
तुम्ही सगळे रंगावर अडकलात. मी ही मालिका बघितलीये. लिनचं पात्र मिश्रवंशीय आहे, गोऱ्या कुटुंबाने दत्तक घेतलेली, जन्मदाती आई गोरी, वडील ब्लॅक. जोनचं काम करणारी ट्रेसी एलिस रॉस ही डायना रॉसची मुलगी, तिचे वडील गोरे. दोघी वर्णाने उजळ आहेत, आपल्या जाहिरातीत घातल्या तर ‘गोरी’ लिहितील! तरी दोघी ब्लॅक आहेतच, त्याबद्दल त्यांच्या समाजात कुणाला शंका नाही. मग त्यांना ‘कृष्णवर्णीय’ म्हणा नाहीतर ‘काळ्या’ म्हणा, दोन्ही चूकच. कारण ब्लॅक हे कातडीचं वर्णन नाही, एका समाजाचं नाव आहे, गुलामगिरीतून आलेल्या एका इतिहासाचं. म्हणून तर जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर 2020 च्या उन्हाळ्यात असोसिएटेड प्रेसने आणि मग न्यूयॉर्क टाइम्सने इंग्रजीत ‘ब्लॅक’चा पहिला बी मोठा (कॅपिटल) काढायला सुरुवात केली. आपल्या देवनागरीत मोठा-छोटा नाही, तर वेगळेपण दाखवायला शब्दच तसाच ठेवावा लागणार: ब्लॅक. जपानी, ज्यू, पारशी यांचं कोणी भाषांतर करतं का?

रेवा_न:
हे! हेच खटकत होतं. वर्णीय म्हटलं की त्या चौघी फक्त रंग होतात.

शब्दवेडा:
त्यात ‘वर्ण’ म्हटलं की आपल्याकडे चातुर्वर्ण्य पण चिकटतं. न्यूजर्सीकरांचा मुद्दा जुनाच आहे बरं का. निग्रो शब्दाचा एन मोठा असावा म्हणून ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी कितीतरी वर्षं मागणी लावून धरली आणि न्यूयॉर्क टाइम्सने 1930 साली ती मानली. याच डु बॉइस यांना डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये पत्र लिहिलं होतं, संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंच्या वतीने जो अर्ज गेला त्याच्या प्रती मिळतील का म्हणून. तेव्हा तोच शब्द मानाचा होता. फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्या अर्पणपत्रिकेतही तोच. आज तो कुणी तोंडात घेत नाही. मानाचा शब्द दर पिढीत बदलतो, तेव्हा उद्या ब्लॅकही बदलला तर?

पाटीपेन्सिल:
बदलला तर बदलू. कोणता शब्द ते त्यांनी ठरवायचं, आपण ऐकायचं. इथे 1972 ला मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर काढली, अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या ब्लॅक लोकांच्या संघटनेवरून. त्यांनी ‘दलित चित्ता’ नाही केलं, पँथरच ठेवलं, आणि मराठीत पँथर म्हटलं की आज कुणाला इंग्रजी वाटत नाही. रेवा, संपादकांना हे उदाहरण दे. माझं ‘काळ्या’ मी मागे घेत नाही, पण सायलीच्या मावशीचं ऐकून तुझ्या अंकात ब्लॅक जास्त बरं असं वाटायला लागलंय.

जुना पेठकर:
पँथर विशेषनाम आहे, संघटनेचं. विशेषनामाला माझी हरकत नाही. पण असं एकेक करत सगळे विशेष झाले तर मराठी उरणार कुठे? आणि मराठीत स्वतःचा शब्द नव्हता असं समजू नका. हबशी आहे. मलिक अंबर हबशीच, इथिओपियातून आलेला, ज्याने 1610 मध्ये खडकी वसवली, पुढचं औरंगाबाद. जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणत. शेकडो वर्षं वापरलेला शब्द आहे, तुच्छतेने नाही, सरदार म्हणून.

न्यूजर्सीकर:
काका, हबशी म्हणजे हबशचा, ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. अमेरिकेत गुलाम करून नेलेले बहुतेक पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. जोनला हबशी म्हणणं म्हणजे कोल्हापूरकराला बंगाली म्हणणं.

वऱ्हाडी मुलगी:
आणि तुच्छतेने नाही असं कसं म्हणता? माझी आजी कुणी अधाशासारखं जेवलं की ‘हबशासारखा तुटून पडला’ म्हणायची. वाक्प्रचार असेल नाहीतर आमच्या घरचं असेल, पण कौतुक नक्की नव्हतं.

जुना पेठकर:
तुमच्या आजींचा प्रयोग मी ऐकलेला नाही. पुण्यात असं कुणी म्हणत नाही.

सिंधुदुर्ग:
पुण्यात म्हणत नाहीत म्हणजे मराठीत नाही का? रायगडात आफ्रिकी वंशाचे शिद्दी आहेत अजून, मुरुडकडे. ते स्वतःला हबशी म्हणवून घेतात का ते त्यांना विचारायला हवं, आपण इथे बसून कसं ठरवणार. आहे का कुणी मुरुडचं?