भिंतीआधी पाण्याचा विचार

डोंगरावरच्या घरी शनिवार-रविवारी स्वतःच्या हातांनी उताराला आधार देणारी दगडी भिंत बांधण्याचा आपला बेत मला मनापासून आवडला. भिंत किती जाड असावी हा आपला प्रश्न रास्त आहे. परंतु माझ्या मते त्याआधी पाण्याचा विचार व्हायला हवा, कारण अशा भिंती अनेकदा मागे साचलेल्या पाण्याच्या दाबामुळे ढासळतात. मी बांधलेली पहिली भिंत चांगली जाड असूनही दुसऱ्याच वर्षी मधोमध फुगली. ती उकलली तेव्हा मागची माती चिखल झालेली होती, आणि ते पाहून फार वाईट वाटले.

दुसऱ्या वेळी भिंतीमागे सुमारे ३० सेंटीमीटर रुंदीचा खडीचा थर भरला, माती खडीत मिसळू नये म्हणून दोहोंमध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) कापड घातले आणि तळाशी छिद्रे असलेला पाइप बाहेरच्या दिशेने उतार देऊन बसवला. दर्शनी बाजू किंचित मागे, डोंगराकडे झुकती ठेवावी आणि सर्वांत मोठे दगड भिंतीच्या पायामध्ये घालावेत. उंची एक मीटरहून अधिक होणार असेल, तर स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवल्याशिवाय खोदकाम सुरू करू नये.

आणखी एक: दोन दिवसांत जेवढा भाग बांधून होईल तेवढाच खोदावा, उघडा उतार आठवडाभर तसाच राहिला आणि पाऊस आला, तर माती खाली येते.