विषय: बाळाच्या मावशींचं जेवण, ब्यूरोला उद्या कळवायचंय

केतकी (पवई):

नमस्कार मंडळी,

सोमवारपासून बाळाला सांभाळायला ब्यूरोच्या (घरकामाला बायका पुरवणाऱ्या एजन्सीच्या) मावशी येताहेत, सकाळी आठ ते रात्री आठ. ब्यूरोच्या कागदावर "जेवण: मालकाकडे / स्वतःचं" असे दोन चौकोन आहेत, उद्या खूण करून द्यायचीय. मला "मालकाकडे"वर करायचीय. अडलंय पोळ्यांच्या ताईंपाशी. त्या म्हणतात, "दोन माणसांच्या पोळ्या ठरल्यात, तिसऱ्याचे पैसे वेगळे. आणि कामाला येणाऱ्या बाईच्या पोळ्या मी लाटणार नाही." पैसे देईन, पण दुसऱ्या वाक्याचं काय करू? सासूबाई म्हणतात डबा आणू दे, कटकट नको. परदेशातून परत आलेल्यांनो, तुमच्याकडे काय चालतं?

शिरीष (सिंगापूर):

केतकी, इथे हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण नियमच आहे. घरी राहणाऱ्या कामगार स्त्रीला दिवसाला तीन वेळचं पुरेसं जेवण मालकानेच द्यायचं. मनुष्यबळ मंत्रालय नमुना म्हणून ताटही सांगतं: सकाळी पावाच्या चार स्लाइस, दुपारी-रात्री भात, भाजी, तळहाताएवढं मांस किंवा मासा, फळ. तिकडेही हेच धरून चाला.

मेधाताई (मुलुंड):

शिरीष, तुमच्याकडे परदेशातून आलेल्या त्या बायकांना मालकाच्याच घरी राहावं लागतं, म्हणून तीन वेळा. इथे बहुतेक जणी संध्याकाळी घरी जातात. आपल्याकडे २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणी आणि कल्याणाच्या योजनांचा. ताटात काय वाढायचं ते घरानेच ठरवायचं.

म्हणून तास मोजा. आठला पवईत पोचायचं तर कळव्या-मुंब्र्याची बाई साडेसहाला घर सोडते. डबा करायचा तर पहाटे पाचला गॅस पेटवायचा. ती भाजी गर्दीच्या लोकलमधून येऊन दुपारी दीडला उघडायची, तीही मे महिन्यात. बारा तास ज्या घरात काढायचे तिथे सकाळचं खाणं, दुपारचं जेवण आणि दोन वेळचा चहा मिळायलाच हवा. सासूबाईंना नमस्कार सांग आणि हा हिशेब दाखव.

पोळ्यांच्या ताईंचं म्हणशील तर माणसं सांगूच नकोस, पोळ्या सांग. रोज बारा. कोण खाणार हा त्यांचा प्रश्न उरत नाही. आणि एक विचारते, त्यांना तुमच्याकडे चहा मिळतो का? चार घरच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला कुणी बस म्हणत नसेल, तर नव्या बाईला ताट मिळणार हे ऐकून तिला लागणारच.

निनाद (या ईमेल यादीची व्यवस्था):

कृपया परतलेल्यांचे विषय परतलेल्यांच्या यादीवर घ्यावेत, ती त्यासाठीच वेगळी केली आहे. इथे पाडव्याच्या जेवणाची नावं अजून अर्धीही आलेली नाहीत, केटररला आकडा द्यायचाय.

अलका (दादर):

निनाद, त्या यादीवर कुणी उत्तर देत नाही हे तुलाही ठाऊक आहे. नावं पाठवते.

मेधाताईंच्या चहावरून लिहिते. चहा देतात, पण कशात? आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सिंकखाली वेगळा कप आणि काठ उडालेली बशी असायची, कामवाल्यांची. शिकलेल्या घरांत. आजही दिसते, फक्त आता ती स्टीलची असते. जी बाई तुमच्या बाळाच्या तोंडात घास घालते, तिच्यासाठी ताट वेगळं ठेवायचं कारण मला कुणी पटवून द्यावं. कालची उरलेली भाजी तिला आणि ताजी आपल्याला, हेही तेच.

आणि दुसरं, तिला जेवायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ बाळ कुणीतरी घ्यायचं. एका हाताने बाळ थोपटत, दुसऱ्याने भात गिळत उभ्याने जेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्याला जेवण दिलं म्हणत नाहीत.

प्रसाद (ठाणे):

अलकाताई, ताट वेगळं कधीकधी त्या स्वतःच मागतात. आमचं घर शाकाहारी, मावशी कोळीवाड्यातल्या. बुधवारी-शुक्रवारी त्यांचा जवळ्याचा नाहीतर सुकटीचा डबा असतो. भांडं त्यांचं, ओटा आमचा, आणि सोसायटीत कुणी वासाबद्दल बोललं तर उत्तर मी देतो. इतर दिवशी आमच्यासोबत वरण-भात. हे त्यांना विचारून ठरलं.

केतकी, पैशांचं पाहा. "जेवण मालकाकडे" केलं की ब्यूरो पगार खाली धरतं. ते मान्य करू नकोस. घरकामगारांसाठी २०११ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला (भारताने तो अजून मंजूर केलेला नाही) त्यातही वस्तुरूपाने मोबदला पगाराचा मर्यादित भागच असावा म्हटलंय. दोन पोळ्या नि वाटीभर आमटीसाठी तिच्या मुलाच्या फीचे पैसे का जावेत?

शिरीष:

प्रसाद, ठाण्यात सुकट चांगली कुठे मिळते? जूनआधी येतोय.

केतकी:

सगळ्यांचे आभार. मावशींना फोन केला, खरं तर आधी त्यांनाच विचारायला हवं होतं असं प्रसादच्या मेलवरून वाटलं. त्या म्हणाल्या, सकाळची भाकरी घरून खाऊनच निघते, दुपारचं तुमच्याकडे चालेल, गुरुवारी उपास असतो. ब्यूरोच्या कागदावर तसंच हाताने लिहिलंय आणि "पगारातून कपात नाही" हेही. पोळ्यांच्या ताईंना रोज बारा सांगितल्या, पैसे वाढवले आणि चहा टाकला. बसल्या. पोळ्यांबद्दल काही बोलल्या नाहीत, पण नव्या मावशी कुठून येणार ते विचारलं. दीड ते दोन बाळ सासूबाई घेणार आहेत.

गुरुवारसाठी साबुदाणा सोडून काय करता? रोज खिचडी नको म्हणाल्या.

मेधाताई:

वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. पण त्या उपासाला वरी खातात का ते आधी विचार, काही घरांत चालत नाही.