पत्र्याला घाम सुटतो, की पत्रा पाझरतो?

अक्षरओळख: कन्नडमधलं एक पत्रक मराठीत करून देतेय. छपराच्या पत्र्याखाली लावायच्या फोमचं आहे. मूळ वाक्य साधं आहे: थंडीत पहाटे पत्रा 'बेवरुत्तदे', म्हणजे घामतो. मी लिहिलं, 'पहाटे पत्रा पाझरतो'. पत्रेवाले अण्णा वैतागले. "अहो ताई, हे वाचून गिऱ्हाईक म्हणणार, पत्रा गळूलालाय. माझाच माल खोटा ठरला की!" मग 'पत्र्याला घाम सुटतो' केलं, तर त्यांचा मुलगा हसत सुटला. तुमच्याकडे काय म्हणतात? शाळेतला शब्द नको. पत्रक काजूवाल्यांना आणि पोल्ट्रीवाल्यांना वाटायचं आहे.

खानापुरी: घामच. पावसाळ्यात आमच्या शहाबादी फरशीला घाम येतो, देवघरातल्या तांब्याला येतो, मग पत्र्यानंच काय पाप केलंय? 'फरशी पाझरते' म्हणजे जमिनीतून पाणी वर येतंय. ते दुखणं वेगळं, त्याला गवंडी बोलवावा लागतो. फरशीला घाम आला की आम्ही वारं लागून सुकेल म्हणून दारं-खिडक्या उघडायचो, आणि आजी ओरडत येऊन सगळं लावून घ्यायची. तिचंच बरोबर होतं. बाहेरची दमट हवा आत येऊन गार फरशीला टेकली की अजून पाणी सुटतं.

शुद्धलेखन: घाम अंगातून बाहेर येतो. पत्र्यातून काहीच येत नाही, हवेतली वाफ पत्र्यावर येऊन बसते. म्हणजे दिशाच उलटी. याला सांद्रीभवन हा नेमका शब्द आहे, तो वापरायची लाज का वाटावी? 'बेवरुत्तदे' दिसलं की घाम आणायचा, हे आपल्या सीमाभागाचं जुनंच दुखणं. कन्नडच्या साच्यात मराठी ओतायची.

निपाणीकर: कऱ्हाडच्या माझ्या आत्याला कन्नडचा गंधही नाही. तिच्या फ्रिजमधल्या बाटलीला घामच येतो. आणि सांद्रीभवन की संघनन, ते तरी आधी ठरवा. मला भूगोलाच्या सरांनी एक शिकवलं, विज्ञानाच्या सरांनी दुसरं. त्यातून 'दवबिंदू' म्हणजे भूगोलात तापमान आणि कवितेत थेंब!

खानापुरी: शुद्धलेखन, मग माठाचं काय? त्याला घाम म्हटलेलं चालेल ना? तिथं तर पाणी आतूनच येतं.

शुद्धलेखन: तिथं पाझर म्हणा. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, ते उडून जाताना माठाची उष्णता नेतं, म्हणून पाणी गार. गार पेल्याचं तसं नाही. पेल्यात बर्फ घालून कोकम सरबत ओता, बाहेरचे थेंब लाल येतात का बघा. दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द चालवायचा असेल तर माझं काही म्हणणं नाही.

(म्हणणं होतंच, पुढे बघा. – खानापुरी)

शेडवाला: माझी चिकोडीकडे कोंबड्यांची शेड आहे, म्हणून बोलतो. आभाळ निरभ्र असलं की पत्रा रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहतो आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार पडतो. खाली पक्ष्यांचा श्वास आणि ओलं तूस. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांवर साडेनऊच्या आसपास. उरलेली जाणार कुठं? पत्र्याला धरते. थेंबाला थेंब मिळाला की टपटप खाली, तूस भिजतं आणि शेडभर अमोनियाचा वास. ढगाळ रात्री हा त्रास कमी. आमचा गडी म्हणतो, 'दव गळतंय'. गळतं ते दव, पत्रा नव्हे. अण्णांचीही अब्रू राहिली.

शुद्धलेखन: दव उघड्यावर पडतं, छपराखाली नाही.

निपाणीकर: शुद्धच पाहिजे तर संस्कृतात 'दव' म्हणजे वणवा, दावानलातला. तुम्ही रोज पहाटे गवताला वणवा लावताय.

आमच्या आजोबांच्या तोंडी दव नव्हतंच, दहिवर होतं. तंबाखूचं वाळलेलं पान दिवसा हात लावला की चुरा. म्हणून पहाटे उठवायचे, "दहिवर पडलंय, पान मऊ झालंय, चला." दह्यासारखा पांढरा थर वर धरतो म्हणून दहिवर, अशी त्यांची व्युत्पत्ती.

खानापुरी: दह्याचा काय संबंध? शब्द फोडून बघा, द-हिव-र. मधोमध हिव बसलंय.

शुद्धलेखन: अशा फोडीनं काहीही सिद्ध होतं.

शेडवाला: कन्नडमध्ये इब्बनी. त्यातलं बनी म्हणजे हनी, थेंब, असं आमचे शेजारी सांगतात. पण हरभऱ्यावरच्या दवाला कुणी नुसतं दव म्हणत नाही, ती आंब. रात्री पिकावर कापड अंथरायचं, सकाळी पिळून बाटलीत भरायचं. पानावरची आम्लं त्यात उतरतात. पोटदुखीला आई चमचाभर द्यायची, दात आंबून जायचे.

अक्षरओळख: अण्णांना 'पत्र्याखाली दव धरतं' वाचून दाखवलं. खूश झाले. पण मुलगा म्हणतो, "दव ऐकायला इतकं गोड लागतंय, मग लोक फोम कशाला घेतील?" आता तो 'ओल येते' लिहा म्हणतोय.

शुद्धलेखन: ओल भिंतीला येते.

निपाणीकर: शेडवाले, आंब धरायला आमच्याकडे जुनं धोतरच लागायचं, नवं कापड चालायचं नाही. तुमच्याकडे?

शेडवाला: आईचं नऊवारी. पण धुतलेलं, साबण न लावता.